माजी विद्यार्थी मंडळ: चालवायचं कसं आणि चालवणाऱ्यांची दखल घ्यायची कशी?

मागचा_बाक

नमस्कार मंडळी. विषय बरेच दिवस मनात घोळतो आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

गेली सहा वर्षं मी आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या एका शाखेचा सचिव आहे. शाखा विद्यापीठापासून लांब आहे, सगळा कारभार आमचा आम्हीच बघतो. यादीत चारशेच्या आसपास नावं, कार्यक्रमाला येणारे चाळीस-पन्नास आणि प्रत्यक्ष राबणारे चौघं. पगारी माणूस एकही नाही. ज्यांनी अशी मंडळं चालवली आहेत त्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल.

मागच्या वर्षी विद्यापीठाने आम्हाला शाखांसाठीच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा सन्मान दिला. त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. वर्षभरात कार्यक्रम किती, उपस्थिती किती, नवे सभासद किती, निधीला हातभार लावणारे किती. प्रत्येक रकान्याला गुण. आदल्या वर्षी आमचे आठ कार्यक्रम झाले होते, त्या वर्षी आम्ही चौदा घेतले. त्यातले चार-पाच कुणी मागितले नव्हते, त्यांची गरजही नव्हती. वरच्या श्रेणीला तेवढे लागतात म्हणून घेतले. प्रत्येकामागे जागा ठरवणं, वक्त्याला चार फोन, नोंदणी, आठवणीचे निरोप, नंतर हिशेब हे सगळं होतंच आणि ते त्याच चौघांच्या डोक्यावर होतं.

सन्मानानंतर दोन महिन्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. नव्या कार्यकारिणीसाठी नावं मागवली. एकही हात वर झाला नाही. आमच्या खजिनदार ताई शांतपणे म्हणाल्या, "पाच वर्षं झाली, आता मला मोकळं करा." या पाच वर्षांत त्यांनी एकाही वर्षाचा ताळेबंद उशिरा दिलेला नाही. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला पावती त्याच आठवड्यात जायची. सन्मानाच्या अर्जात मात्र त्यांचं नाव कुठेही नव्हतं. अर्ज मी भरला होता. त्यात त्या कामासाठी रकाना नव्हता आणि रकाना नाही म्हणून मलाही ते लिहायचं सुचलं नाही. ही गोष्ट तेव्हापासून डाचते आहे.

मला वाटतं, आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. एक मान्यता, म्हणजे विद्यापीठ म्हणतं की ही शाखा आमची, हिला आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरायला परवानगी आहे. दुसरा गौरव, म्हणजे पदक, मानपत्र, श्रेणी. आणि तिसरी दखल, म्हणजे कुणीतरी बघतंय, कुणाला तरी माहीत आहे की हे काम कोण करतं. आम्हाला मान्यता होती, गौरवही मिळाला. दखल तेवढी राहून गेली, आणि माझा समज असा झाला आहे की शाखा तिच्यावरच तगते.

तर प्रश्न दोन. तुमच्याकडे मंडळ दुसऱ्यांच्या हाती सोपवण्याची काही रीत आहे का? आणि विद्यापीठाने (किंवा आपण आपापसात) कशाचा गौरव करावा असं तुम्हाला वाटतं?

सध्या आमच्याकडे हंगामी कार्यकारिणी आहे, म्हणजे आम्हीच तिघं.

जमाखर्च

धाग्याबद्दल आभार. तुमच्या खजिनदार ताईंबद्दल वाचून थांबलो, कारण मी एका मंडळाचा अकरा वर्षं खजिनदार होतो.

आधी व्यवहाराचं बोलतो, कारण मंडळं इथेच मोडतात. मंडळाचा पैसा कुणाच्याही वैयक्तिक खात्यात एक दिवससुद्धा ठेवायचा नाही. माणूस कितीही सज्जन असो. आमच्या आधीच्या कार्यकारिणीत एका सद्गृहस्थांच्या खात्यात स्नेहमेळाव्याची वर्गणी जमा होत असे. ते अचानक आजारी पडले. घरच्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही, आम्हाला विचारायचा संकोच, आणि सहा महिने तो पैसा आणि ती यादी दोन्ही अडकून पडलं. कुणाची नियत वाईट नव्हती. पण त्यानंतर वर्षभर लोक वर्गणी द्यायला बिचकत होते.

म्हणून मंडळाच्या नावाचं खातं, दोन सह्या, आणि सह्या करणाऱ्यांत दरवर्षी निदान एक नाव बदललं पाहिजे. बँकेत सही बदलायला ठराव लागतो, इतिवृत्ताची प्रत लागते, जुन्या माणसाने प्रत्यक्ष जावं लागतं. हे काम जुना माणूस उत्साहात असतानाच करून घ्यायचं. तो वैतागून गेल्यावर त्याला बँकेत बोलावणं फार जड जातं.

आणखी एक. ताळेबंद सभेत वाचून दाखवतात तेव्हा सगळे मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. अकरा वर्षांत मला एकदाच एका सभासदाने प्रश्न विचारला: "मागच्या वर्षीपेक्षा टपालखर्च इतका कमी कसा?" मी छापील पत्रं बंद करून फक्त ज्येष्ठ सभासदांनाच टपाल चालू ठेवलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या रात्री घरी जाताना मला जे वाटलं ते पुढे शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाही वाटलं नाही. कुणीतरी ताळेबंद वाचला होता.

कचेरीतून

मी या गोष्टीच्या पलीकडच्या बाजूला आहे. एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी विभागात काम करते, आणि मागचा_बाक यांनी लिहिला तसाच अर्ज आम्हीही शाखांकडून भरून घेतो. त्यामुळे हे वाचताना वाईट वाटलं.

आकडे का मागतो ते सांगते. आमच्याकडे शाखा पुष्कळ आणि त्या बघायला मी व अजून एक सहकारी. वरिष्ठांपुढे वर्षाअखेरीस मांडायला काहीतरी लागतं, आणि "त्या शाखेत माणसं एकमेकांना धरून आहेत" हे वाक्य अहवालाच्या तक्त्यात बसत नाही. कार्यक्रमांची संख्या बसते. एकदा ती संख्या तक्त्यात गेली की पुढच्या वर्षी तिचंच उद्दिष्ट होतं. हा दोष तुमच्या विद्यापीठापुरता नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल हेच मांडलं होतं, की एखाद्या मापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते माप पूर्वीसारखं खरं सांगेनासं होतं. तुमचे चौदा कार्यक्रम म्हणजे नेमकं तेच.

पण मान्यतेचे नियम आणि गौरवाचे निकष यांत मात्र फरक करा. मान्यतेसाठी आम्ही थोडंच मागतो आणि ते सोडणार नाही: लिहिलेली घटना, मुदतीवर निवडणूक, निदान तीन वेगवेगळ्या व्यक्ती पदांवर, वर्षाचा हिशेब, आणि मंडळ कुणालाही बॅच, विद्याशाखा, पंथ किंवा पक्ष बघून दारातून परत पाठवणार नाही याची हमी. विद्यापीठाचं नाव लावून उद्या कुणी निवडणुकीचा प्रचार केला किंवा जमीनजुमल्याची योजना विकली तर भोगावं विद्यापीठाला लागतं. असे प्रकार होतात. त्यामुळे तिथे कागद लागतोच.

यादीबद्दलही नेहमी तक्रार येते की विद्यापीठ आम्हाला माजी विद्यार्थ्यांचे पत्ते देत नाही. युरोपचा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. तिथे राहणारा एखादा माजी विद्यार्थी यादीत असला तरी आमच्या विधी विभागाचे कान टवकारतात. त्यामुळे निरोप आम्ही आमच्याकडून पाठवतो आणि ज्यांनी स्वतःहून होकार दिला त्यांचेच तपशील शाखेकडे येतात. हे सावकाश होतं, मान्य आहे. पण पदाधिकाऱ्याच्या खासगी संगणकावर हजार जणांचे फोन नंबर पडून राहिले आणि तो माणूस मंडळातून निघून गेला, तर त्या हजार जणांना उत्तर कोण देणार?

एक जुनी गोष्ट मला या कामात फार बळ देते. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष १८२१ मध्ये काही विद्यार्थी बरोबर घेऊन ॲमहर्स्टला नवीन कॉलेज काढायला निघून गेले. मागे राहिलेलं कॉलेज टिकतं की नाही अशी वेळ होती. तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी मंडळ स्थापन केलं. ते आजही चालू आहे. तिथल्याच येल विद्यापीठात तर वर्गवार संघटन १७९२ पासूनचं. ज्या कचेरीत मी बसते तशा पगारी कचेऱ्या फार नंतर आल्या. अशा कचेऱ्यांच्या सचिवांची पहिली संघटना १९१३ ची. म्हणजे हे काम मुळात स्वयंसेवकांचंच आहे, आम्ही नंतर आलो. आमच्या अर्जात हा क्रम उलटा झाला आहे, एवढं मला कळतं.

नवीबॅच

मी तीन वर्षांपूर्वी पदवी घेतली. धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण "एकही हात वर झाला नाही" त्या सभेसारख्याच एका सभेत मी बसले होते आणि मी हात वर केला नाही.

कारण सांगते. त्याआधी दोन वर्षं मी आमच्या मंडळात मदत करत होते. नोंदणीच्या टेबलावर बसणं, नावाच्या चिठ्ठ्या लावणं, फोटो काढणं. आनंदाने केलं. नंतर मी सुचवलं की दरवर्षी नव्या शहरात नोकरीला येणाऱ्या मुलामुलींना राहायची जागा शोधायला मदत करणारा एक छोटा गट करूया, कारण मला स्वतःला पहिल्या महिन्यात खूप त्रास झाला होता. सगळ्यांनी "छान कल्पना" म्हटलं. इतिवृत्तात नोंद झाली नाही. पुढच्या बैठकीत मी परत मांडली, परत "छान कल्पना". तिसऱ्यांदा मांडली नाही.

आणि मग सभेत विचारलं, कोण येतंय पुढे? पद म्हणजे सचिव, मुदत दोन वर्षं, कामाचं वर्णन कुठेही लिहिलेलं नाही, आधीच्या सचिवांनी ते नऊ वर्षं केलेलं. मला दिसत होतं की एकदा हो म्हटलं की सुटका नाही.

मी तेव्हा हो म्हटलं असतं, पण त्यासाठी काम लहान हवं होतं आणि त्याला शेवट हवा होता. "येत्या तीन महिन्यांत यादीतल्या साठ जणांना फोन करून पत्ते ताजे कर" असं कुणी म्हटलं असतं तर मी केलं असतं. तुमच्यापैकी जे वर्षानुवर्षं पदावर आहेत त्यांच्याबद्दल मला खरंच आदर आहे. पण तुमच्या नऊ आणि अकरा वर्षांकडे बघून आम्ही घाबरतो, हेही खरं आहे.

मागचा_बाक

@नवीबॅच, तुमचा प्रतिसाद कार्यकारिणीच्या ग्रुपवर वाचून दाखवला. आमच्याकडे अशा किती "छान कल्पना" विरून गेल्या असतील याचा हिशेब लागत नाही. जागा शोधण्याच्या गटाची कल्पना तुमची परवानगी असेल तर आम्ही घेतो, आणि तुमच्या टोपणनावाने इतिवृत्तात नोंदवतो.

@कचेरीतून, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एक विचारतो: अर्जात एखादा रकाना वाढवायचा तर तो कोणता असावा असं तुम्हाला वाटतं?

तळटीप

माझा अभ्यासाचा विषय माणसं फुकट काम का करतात हाच आहे, त्यामुळे दोन-तीन प्रयोगांची भर घालतो. त्यातून धाग्यातल्या गौरवाच्या प्रश्नावर बराच उजेड पडतो.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा उत्साह मात्र तसाच होता. म्हणजे बाधलं ते बक्षिसाचं आमिष. मागचा_बाक, तुमची श्रेणी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर असते ना? इतके कार्यक्रम केलेत तर अमुक श्रेणी? मग कार्यक्रम हे श्रेणीसाठीच होणार.

आता दुसरी बाजू. विकिपीडियावर संपादक एकमेकांना 'बार्नस्टार' नावाचं एक चित्र देतात. त्याला पैशात शून्य किंमत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेस्टिवो आणि व्हॅन डी राइट यांच्या प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून हे चित्र दिलं गेलं. पुढच्या तीन महिन्यांत त्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरलं. हे चित्र मागून मिळत नाही, त्यासाठी अर्ज नसतो, आणि ते त्याच कामात असलेल्या दुसऱ्या कुणाकडून येतं.

तिसरं. क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या प्रेरणांची सहा गटांत मांडणी केली: मूल्यं, शिकणं, सोबत, कामधंद्यातला फायदा, मनातल्या अपराधी भावनेपासून सुटका आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. ज्या प्रेरणेने माणूस येतो तिला जोडून काम मिळालं तर तो समाधानी राहतो. नवीबॅच शिकायला आणि काहीतरी घडवायला आल्या होत्या, त्यांना चिठ्ठ्या लावायला मिळाल्या. जमाखर्च काकांना चोख हिशेबाची आवड, त्यांना शाल मिळाली. दोन्ही ठिकाणी देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

दूरगाव

वरच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण औपचारिक सन्मानांना अगदीच खालच्या पायरीवर बसवू नका अशी विनंती आहे. माझा अनुभव वेगळा आहे.

मी वीसेक वर्षं एका परदेशी शाखेचं काम पाहिलं. बायकोने आणि मुलांनी त्या काळात किती शनिवार-रविवार सोडले याची गणती नाही. निवृत्त होताना विद्यापीठाने एक मानपत्र पाठवलं. मी ते उघडलंही नव्हतं, मुलीने उघडलं आणि मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की अमुक वर्षी भूकंप झाला तेव्हा या माणसाने दोन दिवसांत शाखेतल्या प्रत्येक कुटुंबाशी संपर्क साधला आणि विद्यापीठाला यादी कळवली. मुलीला ते माहीतच नव्हतं. ती तेव्हा लहान होती, तिला फक्त बाबा फोनवर आहेत एवढंच आठवत होतं. माझ्यापेक्षा त्या कागदाची गरज घरच्यांना होती.

म्हणून सन्मान असावेत. येलचं पदक १९५२ पासून आहे आणि ते विद्यापीठाची सेवा करणाऱ्यांनाच मिळतं. हार्वर्डचं पदकही सेवेसाठी आहे. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेत स्वयंसेवकांना जो सर्वोच्च सन्मान देतात त्याचं नाव ब्राँझ बीव्हर. बीव्हर हा नदीवर बांध घालणारा प्राणी, तो १९१४ पासून त्यांचं मानचिन्ह आहे. ओंडका ओंडका जमवून बांध उभा करणाऱ्या जनावराच्या नावाने हा सन्मान आहे, हे मला फार समर्पक वाटतं. या पदकांचं मोल असं आहे की मोठ्या देणगीदाराच्या रांगेत पावत्या फाडणाऱ्या माणसालाही उभं राहता येतं. निदान तसं असायला हवं.

माझ्या मानपत्रात मोलाची होती ती भूकंपाची ओळ. बाकी मजकूर छापील होता. ती ओळ लिहायला कुणीतरी जुनी पत्रं काढून बघितली असणार.

कचेरीतून

दूरगाव, ती ओळ लिहिणारी व्यक्ती मी नाही, पण अशा ओळी लिहायला आम्हाला काय लागतं ते सांगते. कुणीतरी आम्हाला कळवावं लागतं. शाखांकडून येणाऱ्या शिफारशींमध्ये बहुतेक वेळा "अथक परिश्रम", "मोलाचं योगदान", "सदैव हसतमुख" एवढंच असतं. त्यावरून मी काय लिहू? तीन ठोस प्रसंग लिहून पाठवा, तारखेसकट. मानपत्र आपोआप चांगलं होईल. आणि शिफारस करायला वर्षअखेरची वाट बघू नका, प्रसंग घडला की त्याच आठवड्यात दोन ओळी कळवा, मी फाइलला लावून ठेवीन.

मागचा_बाक यांनी विचारलेला रकाना. दोन दिवस विचार केला. मला वाटतं प्रश्न असा असावा: "या वर्षी कोणतं काम कोणाकडून कोणाकडे गेलं, आणि आधीच्या व्यक्तीने ते कसं सोपवलं?" याला गुण देता येणार नाहीत, पण वाचता येईल. आणि एक प्रस्ताव मी आमच्या बैठकीत मांडणार आहे: शाखेचा मोठा सन्मान एका वर्षाच्या कामावर न देता, कार्यकारिणी बदलल्यानंतर दोन वर्षांनी द्यावा, आणि तो जुन्या व नव्या दोघांच्या नावाने द्यावा.

जमाखर्च

हे शेवटचं वाक्य फार आवडलं. माझ्यानंतर आलेल्या खजिनदार बाईंनी माझी पद्धत बदलली आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे. आमच्या दोघांची नावं एका कागदावर आली असती तर मला अभिमान वाटला असता.

तळटीप यांना एक विचारायचं आहे. अचानक दिलेलं कौतुक चांगलं हे समजलं. पण दरवर्षी अचानक दिलं तर ते अचानक कसं राहील? मंडळात लोक वाट बघायला लागतात, आणि एखाद्याला नाही मिळालं की रुसतात. आमच्याकडे 'कार्यकर्ता सन्मान' सुरू केला तेव्हा तिसऱ्या वर्षी दोन चांगली माणसं त्यावरून सोडून गेली.

तळटीप

काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. एवढं म्हणेन की एकाच सन्मानाची शिडी केली की रुसवे येतात. कामागणिक, वेळेवर, नाव घेऊन बोललेल्या शब्दाची शिडी होत नाही. टपालखर्चाबद्दल विचारणाऱ्या त्या सभासदावर कोण रुसणार?

दूरगाव

रुसव्यांवर आमच्याकडे एक उपाय होता. सन्मान ठरवणाऱ्या तिघांत कार्यकारिणीतला कुणीही नसे, आणि त्या तिघांना त्या वर्षी सन्मान मिळू शकत नसे. रुसवे संपले नाहीत, पण "आपापसात वाटून घेतात" हे बोलणं थांबलं.

धाग्यात अजून न आलेला एक विषय. शाखा बंद करणं. माझ्या आधीच्या शहरातली शाखा माणसं पांगल्यामुळे आटली. तिथल्या अध्यक्ष बाईंनी ती नुसती विझू दिली नाही. शेवटची सभा बोलावली, घटनेत लिहिल्याप्रमाणे शिल्लक रक्कम विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत निधीला दिली, खातं बंद केलं, इतिवृत्तांच्या वह्या विद्यापीठाच्या दप्तरात जमा केल्या आणि प्रत्येक सभासदाला जवळच्या दुसऱ्या शाखेचा पत्ता कळवला. चार महिने खपल्या त्या. त्यांना कुणी मानपत्र दिलं नाही, कारण बंद पडलेल्या शाखेच्या अध्यक्षांचा सत्कार कोण करणार? आठ वर्षांनी तिथे नवी मंडळी आली तेव्हा त्यांना सगळं जागच्या जागी मिळालं आणि दोन महिन्यांत शाखा उभी राहिली. मंडळाच्या घटनेत विसर्जनाचं कलम आहे का ते सगळ्यांनी आजच बघा. नसेल तर पुढच्या सभेत ठराव आणा.

नवीबॅच

@मागचा_बाक, कल्पना जरूर घ्या. आणि माझं नाव नको, "एका नव्या सभासदाची सूचना" एवढं पुरे.

आमच्या मंडळात आता एक छोटा बदल झाला आहे, तो सांगते. ईमेल आणि ग्रुपची सूत्रं पूर्वी सचिवांच्या खासगी फोनवर होती. ते फोन बदलले की आम्ही सगळे हरवायचो. आता सचिवपदाच्या नावाचा एक पत्ता आहे, पासवर्ड दोघांकडे आहे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपला तीन ॲडमिन आहेत, त्यातली एक मी. हे काम मी मागून घेतलं. तीन महिन्यांसाठी.

मागचा_बाक

सगळ्यांचे आभार. आठवड्याभरात काय झालं ते कळवतो.

या वर्षी आम्ही श्रेणीसाठी अर्ज करणार नाही. मान्यतेचे सगळे कागद वेळेवर देणार, पण कार्यक्रम सहाच घेणार. दोन जणांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की वरच्या श्रेणीमुळे विद्यापीठाचे मान्यवर आपल्याकडे येतात, आणि ते आले की लोक येतात. त्यात तथ्य आहे. तरी ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी परत बघू असं ठरलं आहे.

सचिवपदाची मुदत दोन वर्षं, सलग दोनदाच, अशी घटनादुरुस्ती सभेपुढे ठेवतो आहोत. म्हणजे मीही बाहेर. कामांचे तुकडे करून यादी लावली: फोन करणारे, इतिवृत्त लिहिणारे, जागा बघणारे, नव्यांना भेटणारे. प्रत्येकापुढे मुदत लिहिली. चौदा कामांपैकी नऊंपुढे नावं आली, त्यातली पाच माणसं मी आजवर फक्त कार्यक्रमाच्या शेवटच्या रांगेत बघितली होती.

खजिनदार ताईंसाठी मानपत्र लिहायला बसलो होतो, कचेरीतून यांनी सांगितल्याप्रमाणे तीन प्रसंग घेऊन. लिहिण्याआधी त्यांना फोन केला आणि सरळ विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणीतरी दोन संध्याकाळी माझ्याजवळ बसून वही नीट समजून घ्या. मी केलंय ते कुणाला तरी कळू दे." मानपत्र लिहिणार आहेच. पण शनिवारी मी आणि नवी खजिनदार होऊ इच्छिणारी एक मुलगी त्यांच्याकडे जातो आहोत.

जमाखर्च

जाताना बँकेचं गेल्या वर्षाचं विवरण छापून न्या, पडद्यावर बघून जुळवणी समजत नाही. आणि त्या मुलीला वाचायला सांगू नका, ताईंच्या शेजारी बसून एका महिन्याच्या नोंदी तिच्या हाताने करू द्या. चुकेल. ताई सांगतील कुठे चुकलं ते. दुसऱ्या संध्याकाळी दुसरा महिना.